सालदाराचे 40 हजार आणि शंभर दीनार

सलाम भाऊ. तुझा प्रश्न दोनदा वाचला, एकदा मी स्वतः आणि एकदा आमच्या घरच्यांना मोठ्याने वाचायला लावला, कारण मला वाटलं माझ्याकडून काहीतरी सुटतंय. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो: जळगाव जिल्ह्यात यावलकडे तुमची केळी आहे, मागच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) एक पावरा आदिवासी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवला, त्याने सालाच्या पैशांतून बऱ्यापैकी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि होळीला म्हणून घरी गेला तो आलाच नाही, हिशोब केला तर 40 हजार त्याच्याकडे निघतात. तुमचे पाळक म्हणाले दया कर, सोडून दे. बाबा म्हणाले एकदा दया केली की उद्या सगळं गाव डोक्यावर बसेल. आणि तू विचारतोयस की ख्रिस्ती माणसाने दया करायची म्हणजे नेमकं करायचं काय.

मी धुळे-नंदुरबारकडे 27 वर्षं पाळक होतो, आता रिटायर आहे. दयेवर उपदेश किती केले ते मोजलेले नाहीत, आणि दया किती केली ते मोजायला बसलो तर पंचाईत होईल. त्यामुळे हे जे लिहितोय ते बरंचसं माझ्या चुकांमधून आलेलं आहे असं समज.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ते 40 हजार तुझे आहेत. यात बाबा बरोबर आहेत आणि पाळकांनी हे आधी म्हणायला पाहिजे होतं. आपण लोक काय करतो, कोणी पैशाचं गाऱ्हाणं घेऊन आला की लगेच "जाऊ दे भाऊ, प्रभू देईल" म्हणून मोकळे होतो, आणि समोरच्याला वाटतं की आपलं नुकसान हे नुकसानच नाही. अरे, हक्कच नसेल तर सोडणार काय? दयेला आधी खराखुरा हक्क लागतो. आपण रोज प्रभूची प्रार्थना म्हणतो त्यात बघ, मत्तय 6:12, आपल्या मराठी बायबलात शब्द सरळ ऋण आहे, जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे. ऋण म्हणजे उधारी, वहीत लिहिलेली. लूकच्या शुभवर्तमानात त्याच प्रार्थनेत पाप शब्द येतो खरा, पण तिथेही पुढच्या अर्ध्या ओळीत माणूस ऋणीच आहे. लहानपणापासून पाठ असल्यामुळे आपण ते असं भराभर म्हणून टाकतो की कानाला टोचतच नाही.

आता हिशोबाचं. मत्तय 18 मधला दाखला तुला माहीत असेल. पेत्र विचारतो किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि त्यावर येशू एका राजाची गोष्ट सांगतो. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तलांत देणं होतं, राजाने ते सोडलं, आणि तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारासाठी दुसऱ्या चाकराची नरडी धरतो. आपण हे सांगताना म्हणतो केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि हा किरकोळ रकमेसाठी भांडला. मीही वर्षानुवर्षं असंच सांगत होतो. ते चूक आहे. एक दीनार म्हणजे त्या काळातली मजुराची एक दिवसाची मजुरी. केळीच्या बागेत आज दिवसाचे 400 धर, तर शंभर दीनार किती झाले? 40 हजार. योगायोग बघ, तुझ्या सालदाराकडे निघतात तेवढेच. ही रक्कम किरकोळ नाही, येशूने मुद्दाम किरकोळ ठेवलीच नाही. शंभर दिवसांची मजुरी ज्याची बुडाली त्याला विचार.

आणि दुसरी बाजू, एक तलांत म्हणजे साधारण 6000 दीनार, म्हणजे दहा हजार तलांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, त्याच 400 च्या रेटने 2400 कोटी रुपये. चाकर म्हणतो "थोडं सांभाळून घ्या, सगळं फेडतो". काय फेडणार कपाळ! अख्खा जन्म केळीच्या बागेत राबला तरी जमायचं नाही. आणि मजा अशी की बाहेरचा दुसरा चाकर त्याला जवळपास त्याच शब्दांत विनवतो, सांभाळून घे, फेडतो, आणि त्याचं मात्र खरंच फिटण्यासारखं होतं. दहा मिनिटांपूर्वी आपल्याच तोंडातून निघालेलं वाक्य त्याला ओळखू आलं नाही. राजाला राग त्याचा येतो, पैशांचा नाही.

म्हणून ख्रिस्ती दया म्हणजे आपण मोठ्या मनाचे आहोत म्हणून केलेली मेहेरबानी नाही. माझं 2400 कोटींचं खातं कोणीतरी रेघ मारून बंद केलंय, त्या वहीतून उठून मी या 40 हजारांच्या वहीकडे येतोय, एवढंच. ज्याला पहिली वही खरी वाटत नाही त्याला दुसरी सोडता येत नाही, आणि त्याला जबरदस्ती करूही नये.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण वरचं सगळं मला पुस्तकातून नाही कळलं.

एका गावी मी होतो तेव्हा मंडळीत मदत फंड होता. दर रविवारी थोडे पैसे बाजूला टाकायचे, गरजूला बिनव्याजी द्यायचे, त्याने जमेल तसे परत करायचे. चांगली गोष्ट होती. मग पैसे परत येईनात, कमिटीत कुरबुर सुरू झाली, कोणीतरी म्हणालं यादी लावा, लाजेने तरी देतील. मीच खडूने लिहिली, चर्चच्या दाराशेजारच्या फळ्यावर, नाव आणि पुढे रक्कम. अक्षर माझं चांगलं आहे, अगदी नीट ओळीत लिहिली. त्यात एका विधवा बाईचं नाव होतं, भाजी विकायची, 3000 घेतले होते, आठ महिने झाले होते. रविवारी ती आली, फळ्यासमोर गर्दी बघून थांबली. तिला वाचता येत नव्हतं. तिचा मुलगा तिसरीत असेल, तो पुढे झाला आणि त्या वयात पोरं वाचतात तसं, एकेक अक्षर जोडत, बोट फळ्यावर ठेवून, मोठ्याने वाचायला लागला. आईचं नाव. मग आडनाव. मग तीन, शून्य, शून्य, शून्य. आणि वाचून झाल्यावर खूश होऊन आईकडे बघायला लागला, पूर्ण वाचलं म्हणून.

मी दारातच उभा होतो. मी काहीही केलं नाही. आत गेलो आणि उपासना सुरू केली. त्या दिवशी प्रभूभोजन होतं, ती मागे बसून राहिली, पुढे आली नाही. सोमवारी सकाळी ती घरी आली, पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा मोजून 200 रुपये दिले, आणि भाऊ, हे लिहायला मला अजूनही जड जातं, मी ते घेतले आणि तिला पावती फाडून दिली. नंबर टाकून.

रात्री जाऊन फळा पुसला. आठवडाभराने तिच्या घरी माफी मागायला गेलो, काय बोलावं सुचेना, तर तीच म्हणाली, "जाऊ द्या पाळकसाहेब, पोऱ्याले वाचता येस हाई तरी समजनं." आणि हसली. म्हणजे दया कशी करतात ते त्या ओट्यावर मला तिने दाखवलं, मी सेमिनरी करून आलेला माणूस. तिचाही हक्क होता ना, मला चार शब्द सुनावायचा, गावात सांगत फिरायचा. तो तिने सोडला आणि वर मला लाजही वाटू दिली नाही, विषयच पोराच्या वाचनावर नेला. हक्क सोडण्याइतकंच हे दुसरंही महत्त्वाचं आहे, समोरच्याची मान खाली न जाऊ देणं, आणि आपण ते हमखास विसरतो.

जुन्या करारात याची फार छान सोय आहे. लेवीय 19 मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेकोपऱ्याचं पीक कापू नको, पडलेला सरवा गोळा करू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपल्याकडे भुईमूग काढून झाल्यावर बाया-पोरं शेंगा वेचायला येतात, तसंच. यात खुबी अशी की मालक उभा राहून वाटत नाही, कोणाला हात पसरावा लागत नाही, ती बाई आपल्या कष्टाने वेचते आणि ताठ मानेने घरी जाते. बायबलातली विधवा रूथ अशीच सरवा वेचत होती. आणि हा नियम भावनेवर सोडलेला नाही, शेतीच्या पद्धतीतच बसवलाय, मालकाचा मूड कसाही असो कोपरा राहणारच.

बरं, आता तू काय करायचं. मी असतो तर पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या घरी गेलो असतो. रक्कम सोडायची की नाही हे घरी बसून ठरवूच नको. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, लूक 10, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाला याजकाने पाहिलं, लेव्याने (मंदिरातल्या सेवकाने) पाहिलं, यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनातल्या माणसानेही पाहिलं, पाहण्यात तिघं सारखे आहेत. फरक एवढाच की शोमरोनी जवळ गेला आणि त्याने मदत केली. यरुशलेम ते यरीहो हा रस्ता म्हणजे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरमध्ये जवळपास एक हजार मीटर खाली उतरणारा, ओसाड, लुटारूंचा, आपला कोंडाईबारी घाट रात्री पायी उतरायचा म्हटल्यावर जसं वाटेल तसं. न थांबायला कारणं भरपूर होती. आजही हायवेवर ॲक्सिडेंट झाला की गाड्या स्लो होतात, मोबाईल बाहेर निघतात आणि गाड्या पुढे जातात. (आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आलंय, मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायचीही सक्ती करू शकत नाहीत, आणि कायद्यात त्या माणसाला शब्द काय वापरलाय माहितीये, गुड समॅरिटन. लूकमधला शोमरोनी थेट भारताच्या कायद्यात जाऊन बसलाय. थांबायला घाबरू नको, एवढ्यासाठी सांगितलं.)

त्या शोमरोन्याला कळवळा आला असं मराठीत लिहिलंय. मूळ ग्रीकमधला शब्द आतड्यांवरून आलेला आहे, आपण आतडं तुटलं म्हणतो ना, अगदी तोच. आणि मत्तय 18 मधल्या राजाच्या बाबतीतही तोच शब्द आहे. आतडं लांबून तुटत नाही रे. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून तुला कधीच कळणार नाही की तो का आला नाही. बायको बाळंतपणाला आहे का, पोरगं सिकलसेलने दुखण्यात आहे का (हा रक्ताचा आजार सातपुड्याकडे बऱ्याच घरांत आहे), का दुसऱ्या मुकादमाने जास्त उचल देऊन गुजरातला नेलं, का तुमच्याच बागेत कोणी त्याला काही बोललं. शेवटची शक्यता बाबांसमोर नको विचारू, पण विचार. मी असे बरेच वाद मिटवलेत, सालदार पैसे खाऊन पळाला असं म्हणून सुरू झालेल्या भांडणात कधीकधी असं निघालं की त्याला शिवी दिली होती, कधी हिशोबाची वही फक्त मालकालाच वाचता येत होती. कधी तो खरंच खाऊन पळालेला होता, तेही होतं, नाही असं नाही.

जाताना चारचौघं घेऊन जाऊ नको, पंच नको, मुकादम तर नकोच. सकाळी जा. खाटेवर बसायला देतील, बस, चहा देतील, पी, काळा असला तरी पी. पैशांचा विषय तू काढू नको, तो काढतोच, त्याच्या डोक्यात तेच असतं.

आणि एक सरळ सांगतो, यात दयेचा प्रश्नच येत नाही. उचल घेतली म्हणून त्याला किंवा त्याच्या घरच्यांना धरून आणून कामाला लावायचं, गाडी ठेवून घ्यायची, पोराला बदली म्हणून आणायचं, हे कोणी सुचवलं तर तिथेच नाही म्हण. 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे, उचलीच्या बदल्यात बळजबरीने राबवणं गुन्हा आहे. आपल्या भागात हे होतं आणि करणारे रविवारी पहिल्या बाकावर बसलेलेही मी पाहिलेत.

ऐकून झाल्यावर ठरव. सगळे सोडायचे, का अर्धे, का मुदत द्यायची, यातलं कुठलंही दया असू शकतं, बायबल तुला रक्कम सांगत नाही. शोमरोनी बघ, त्याने धर्मशाळेवाल्याला दोन दीनार दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. तो धंदा बंद करून जखमी माणसाच्या उशाशी बसून राहिला नाही. तुमच्यावर पीक कर्ज असेल, घर त्या 40 हजारांवर अडलं असेल, तर तुला झेपेल तेवढं कर. पण जे काही सोडशील ते तिथेच सोड, त्याच्यासमोर वहीवर रेघ ओढ, अंगठा-सही काही घेऊ नको, आणि पुन्हा कधी, कधी म्हणजे कधीच, त्याचा उच्चार करू नको. दोन वर्षांनी तो रावेरच्या बाजारात भेटला तर पोरंबाळं कशी आहेत विचार. सोडलेली रक्कम दर सहा महिन्यांनी आठवण करून देणारा माणूस व्याज घेत असतो.

आणि त्या बदल्यात "रविवारी प्रार्थनेला ये" असंही म्हणायचं नाही. हे मी पाळक असून सांगतोय. आपल्याकडे या गोष्टीवरून किती गैरसमज आहेत तुला माहीत आहे, आणि सगळेच गैरसमज नाहीत, काही ठिकाणी लोकांनी मदतीला गळ लावलेला असतो. दयेला अट लावली की तो सौदा होतो. त्याने विचारलं की भाऊ तू असं का केलं, तर खरं ते सांग, माझंही कोणीतरी सोडलंय म्हण, दोन वाक्यांत, आणि गप्प बस.

अजून एक, तुझ्या प्रश्नात नाही पण हे वाचणाऱ्या कोणा बहिणीसाठी लिहितो. नवरा दारू पिऊन मारतो आणि मंडळीतले वडीलधारे म्हणतात दया कर, सहन कर, तो बदलेल. ताई, ही दया नाही. जखमी माणसाला उचलून पुन्हा लुटारूंच्या हातात द्यायचं असं लूक 10 मध्ये कुठेही नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा, 181 वर फोन कर, घरातल्या मारहाणीविरुद्धचा 2005 चा कायदा तुझ्या बाजूने आहे. क्षमेचं नंतर बघू, आणि ते तू ठरवशील तेव्हा.

आता बाबा. गाव डोक्यावर बसेल ही भीती खोटी नाहीये. पुढच्या सालाला सावध राहा ना, उचल एकदम देऊ नको, महिन्याच्या महिन्याला दे, हिशोब त्याच्या घरातल्या कोणा शिकलेल्या पोराला दाखव, त्याच्याकडेही एक वही राहू दे. झालेलं सोडणं आणि पुढचं नीट बांधणं यात भांडण नाही. पण बाबांशी बोलताना त्यांना कठोर, अविश्वासू वगैरे समजू नको. ज्या माणसाने मे महिन्याच्या वादळात घडावर आलेली बाग एका रात्रीत आडवी झालेली पाहिलीय, व्हायरसमुळे रोपं उपटून बांधावर टाकलीत, भाव पडला म्हणून माल बागेतच पिकू दिलाय, त्याला 40 हजार म्हणजे नुसते 40 हजार दिसत नाहीत. त्यांचं कोणी काही सोडलं नाही कधी, ना बँकेने, ना व्यापाऱ्याने. मत्तयात येशू दोन वेळा जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं वचन काढतो, मला दया पाहिजे, यज्ञ नको, आणि दोन्ही वेळा ते धार्मिक लोकांना ऐकवतो जे दुसऱ्याला नियम शिकवायला आलेले होते. तू दयेचा नियम घेऊन बाबांच्या अंगावर गेलास तर तेच वचन तुला लागू होईल, बघ बुवा.

त्यांना सोबत घेऊन जा म्हणतो मी. पुढे त्यांना बसव, रस्ता त्यांना विचारत जा, त्या पाड्यावर त्यांची कोणी ना कोणी जुनी ओळख निघतेच. आणि उशीर करू नको, आखाजीच्या आधीच जा. आखाजीला नव्या सालाची बोलणी होतात, त्या दिवशी मालकाची गाडी पाड्यावर दिसली की तो वसुलीला आला असं समजून माणूस मागच्या दाराने शेतात निघून जातो, मग तुला त्याची बायको भेटेल आणि ती काहीच बोलणार नाही.